त्या बाईचं पुढं काय झालं?

आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला टीव्ही, धूर, धूळ, खाली वाकणं असं सगळं एकदम बंद केलं. गावी ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी ही बाई गोठ्यात दिसली असती, म्हणून मी तिला रंकाळ्याजवळ माझ्या घरी आणून बसवली. काळा गॉगल लावून ती गॅलरीत बसायची, मांडीवर परडी घेऊन हाताच्या अंदाजानं लसूण सोलायची. मी शेजारी पेन्सिल घेऊन वाचत असायची. डोळ्यांत थेंब घालायची वेळ होईपर्यंत तिला करायला काही नसे. अशाच एका दुपारी ती म्हणाली, "कवाधरनं बगतोय, त्याच पुस्तकात डोस्कं घालून बसलीयास. काय हाय त्यात? मलाबी सांग की." पुस्तक 'ब्रोकबॅक माउंटन' या सिनेमावरचं होतं, इंग्रजी, जाडजूड, विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेलं. ते कसं सांगणार? मग मी पुस्तक पालथं ठेवलं आणि तिला सिनेमाच सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सत्तरी ओलांडलेल्या बाईला सांगताना जिथं आपोआप आवाज खाली येतो, तिथंही तो खाली आणला नाही.

तिनं गोष्ट धरली ती मेंढरांपासून. "किती मेंढरं?" हजारेक. "आणि माणसं?" दोनच. एकानं खाली तळावर राहायचं, दुसऱ्यानं वर मेंढरांपाशी झोपायचं. "बायकापोरं?" नाहीत. हे काही तिला पटेना. आक्काचं गाव पट्टणकोडोलीच्या बाजूला. तिनं जन्मभर धनगरांचे वाडे बघितलेत. घोड्यावर लादलेला संसार, त्यावर पाय बांधून बसवलेली कोंबडी, झोळीतलं पोर, मागून काखेत कोकरू घेऊन चालणारी बाई. तिच्या शेतात खतासाठी मेंढरं बसायला यायची तेव्हा रात्रभर लोकरीचा आणि लेंड्यांचा तो उबट वास घरापर्यंत यायचा, आणि पहाटे तिघा-चौघी बायका तीन दगडांवर भाकऱ्या थापत असायच्या. बाईशिवाय मेंढरं डोंगरावर जातात हेच तिच्या लेखी खोटं. मी पुढं सांगत गेले. थंडीची रात्र, दोघंही एकाच तंबूत, आणि सकाळी वर जाऊन बघितलं तर फाडून टाकलेलं मेंढरू. तिनं मान हलवली. "मग! मेंढरं वाऱ्यावर सोडून दोघंबी तंबूत आल्यावर दुसरं काय हुनार?" त्या दोघांत जे झालं त्यावर तिनं फक्त "हं" केलं. पाऊस पडला म्हटल्यावर करावं तसं.

मग दोघांची लग्नं, पोरंबाळं. चार वर्षांनी एक जण, जॅक, दुसऱ्याला, एनिसला, भेटायला येतो आणि जिन्याखाली भिंतीला टेकून दोघं एकमेकांचं तोंड असं धरतात की बघणाऱ्याला धाप लागावी. वर दार उघडून उभी असलेली एनिसची बायको, अल्मा. ती बघते, आणि दार लावून घेते. मग 'मासे धरायला' म्हणून वर्षानुवर्षं डोंगरात जाणं, जॅकचं मरणं, आणि शेवटी कपाटात एकात एक घातलेले ते दोन शर्ट. शर्टांपाशी जगभरची माणसं रडलेली आहेत, मीही रडलेय. मला वाटलं, आक्का आता काहीतरी बोलेल. तिनं परडीतली सालपटं फुंकून टाकली आणि विचारलं, "त्या दारातल्या बाईचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, काडीमोड झाला. मग एका किराणा दुकानवाल्याशी लग्न केलं.

"त्ये न्हवं गं. तिला कळलं न्हवं त्या दिवशी? त्या दिवसापासनं काडीमोड हुईस्तोवर तिनं काय केलं?"

लसूण संपला, थेंबांची वेळ झाली, विषय तिथंच राहिला. माझ्यापुरता मात्र राहिला नाही.

'ब्रोकबॅक माउंटन' आला २००५ साली. कोल्हापुरात तो मी सीडीवर बघितला, घरच्या लहान टीव्हीवर, रात्री आवाज बारीक करून. पुस्तक नंतरचं. नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रकाशनानं २०११ साली काढलेलं 'द ब्रोकबॅक बुक', संपादक विल्यम हँडली. परदेशातल्या कुठल्यातरी वाचनालयानं मोडीत काढलेली प्रत मला ऑनलाइन स्वस्तात मिळाली. असल्या पुस्तकांची मला आधी जरा भीतीच असते. आवडत्या सिनेमाला टेबलावर उताणं पाडून त्याच्या हाडांची नावं वाचून दाखवतात, असं वाटतं. इथं तसं झालं नाही. एक लेख तर त्या दोघांच्या मजुरीवर आहे, मार्क्सला घेऊन डोंगरावर चढणारा. आणि वाचता वाचता लक्षात आलं की आक्कानंही आधी मजुरीचंच विचारलं होतं. मुकादम दुर्बिणीतून दोघांना बघतो आणि पुढच्या वर्षी काम मागायला आलेल्या जॅकला सुनावतो, की मेंढरं कुत्र्यांच्या भरवशावर टाकून मजा मारायला पैसे दिले नव्हते. आक्का त्या मुकादमाच्या बाजूची निघाली असती. पण पोट भरल्यावर तिनं त्याला शिव्याही दिल्या असत्या.

पुस्तकातला माझा आवडता भाग म्हणजे एक भांडण. सिनेमा आला तेव्हा जाहिरातवाल्यांपासून समीक्षकांपर्यंत सगळ्यांनी एकच पालुपद धरलं होतं: ही दोन पुरुषांची वगैरे नाही, ही सगळ्यांचीच प्रेमकथा आहे. समीक्षक डॅनियल मेंडेलसननं २००६ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये त्यावर लिहिलं की हे कौतुक म्हणजे सिनेमावरचा अन्याय आहे. रोमिओ-ज्युलिएटची घराणी एकमेकांचा द्वेष करतात, पण ते दोघं प्रेमात पडले म्हणून स्वतःचा द्वेष करत नाहीत. इथं एनिसच्या आत तो द्वेष लहानपणीच पेरलेला आहे. बापानं त्याला नऊ वर्षांचा असताना हाताला धरून नेऊन एका माणसाचं प्रेत दाखवलेलं असतं, लोखंडी पान्यानं मारलेलं. गुन्हा एवढाच की तो दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार करत होता. सिनेमाचा एक निर्माता जेम्स शेमस यानं मेंडेलसनला उत्तर दिलं आणि दोघांची जुंपली. दोघंही हुशार, दोघांनाही सिनेमा जिवापाड आवडलेला, त्यामुळं वाचायला मजा येते.

हे भांडण मी कोल्हापुरात प्रत्यक्ष ऐकलंय. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवून ज्या गावात सिनेमे काढले, त्या गावात सिनेमावर मत नसलेला माणूस रिक्षातही भेटत नाही. एका चर्चेत एक वयस्क गृहस्थ, फार सज्जन, उभं राहून म्हणाले की शेवटी प्रेम ते प्रेम, त्यात बाई काय आणि पुरुष काय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील. त्यांच्या बोलण्यात मोठेपणा होताच. पण घरी येताना वाटलं की या वाक्यानं त्यांचीच अडचण सुटली, बाकी कुणाची नाही. 'सगळ्यांचंच' म्हटलं की तो पाना, ते नऊ वर्षांचं पोर, ती दुर्बीण, काहीच बघावं लागत नाही. मी मेंडेलसनच्या बाजूची आहे, आणि हे आक्काचा प्रश्न येण्याआधीच ठरलेलं होतं.

पण आक्काचा प्रश्न या भांडणात बसत नाही. गोष्ट सगळ्यांची म्हटली तर अल्मा म्हणजे प्रेमाच्या वाटेतली बायको, सिनेमात नेहमी असते तशी. गोष्ट त्या दोघांचीच म्हटली तर अल्मा त्यांच्या दुःखाची किंमत मोजणाऱ्यांतली एक. पुस्तकात ती येते, येत नाही असं नाही, पण मला पाहिजे होती तेवढी सापडली नाही. शर्टांवर मात्र किती लिहिलंय! कुणाचा आत, कुणाचा बाहेर, शेवटी एनिसनं अदलाबदल करून स्वतःचा वर का घातला. ते सगळं खरं आहे, सुंदर आहे. माझा जीव आता दुसऱ्या एका वस्तूत अडकलाय, ती म्हणजे अल्माची चिठ्ठी.

काडीमोड झाल्यावर बऱ्याच दिवसांनी एनिस मुलींना भेटायला अल्माच्या नव्या घरी जेवायला जातो. नवा नवरा विजेच्या सुरीनं टर्की कापतो. जेवणं झाल्यावर मोरीपाशी भांडी घासताना अल्मा तोंड उघडते. एकदा मासे धरायला निघताना तिनं त्याच्या गळाच्या दोरीला चिठ्ठी बांधली होती, की घरी मासे घेऊन ये. तो परत आला आणि सांगितलं, भरपूर मिळाले, तिथंच खाल्ले. तिनं पेटी उघडून बघितली तर चिठ्ठी जशीच्या तशी. त्या दोरीला जन्मात पाणी लागलं नव्हतं. एवढं ऐकून एनिस तिचं मनगट पिरगाळतो. मला त्या चिठ्ठीचं नवल वाटतं ते यासाठी की तिला सगळं आधीच माहीत होतं. जिन्याखालचं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. मग चिठ्ठी कशाला? माझा अंदाज असा, की तिला पुरावा नकोच होता. एकदा, एकदा तरी दोरी ओली निघावी, अशी तिची आशा होती. लाँड्रीच्या वरची ती कोंदट खोली, दोन तान्ह्या पोरी, आणि ज्याला विचारता येणार नाही असा नवरा. अल्मा झालेल्या मिशेल विल्यम्सनं ते दार लावून घेण्याचं काम इतकं अचूक केलंय की तिच्या चेहऱ्यावर आधी राग दिसत नाही, हिशेब चुकल्यासारखा गोंधळ दिसतो. तिला ऑस्करचं नामांकन होतं, मिळालं नाही.

इथं वाचणाऱ्याला वाटेल की आता आक्काच्या घरातलं काही निघणार. तसं काही नाही. दाजी सरळ माणूस, तालमीत वाढलेले, पहाटे म्हशी धुवायचे आणि रात्री नऊला घोरायचे. आक्काचा संसार चांगला झाला. तिचा प्रश्न आला तो वेगळ्याच ठिकाणाहून, आणि ते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून बोलली, माझ्याकडं न बघता, गॉगल असल्यामुळं बघायचा प्रश्नही नव्हता.

आक्का लग्नं जुळवायची. पैसे घेऊन नव्हे, हौसेनं. भावकीत, पाव्हण्यापैत कुणाची पोरगी उपवर झाली की पत्रिका आधी तिच्याकडं. कुणाचं शेत किती, विहिरीला पाणी किती, सासू कशी, सगळं तोंडपाठ. सुपारी फुटून याद्या होईपर्यंत तिला झोप लागायची नाही. असंच एक स्थळ तिनं जमवलं होतं. मुलगा दिसायला राजबिंडा, एमआयडीसीत नोकरी, निर्व्यसनी. मुलगी कागलकडची. याद्यांच्या आदल्या दिवशी मुलाच्या आत्यानं आक्काला परसात गाठून सांगितलं, "पोरगं जरा येगळं हाय. त्याचा एक दोस्त हाय, लई जीव. पण लगीन झालं की हुईल सरळ." आक्का म्हणाली, "मला काय त्यातलं कळत न्हवतं असं न्हाई. कळत हुतं. गावात कळत न्हाई असं काय असतंय? पण सगळीच म्हनत्यात, लगीन झालं की हुईल सरळ. मीबी म्हटलं."

नवरा चांगला निघाला, हेच त्यातलं अवघड. हात उगारला नाही, पगार तिच्या हातात दिला, माहेरच्यांना मान दिला. झोपायचा बाहेर सोप्यात. पोर होईना म्हणून सासूनं सुनेला डॉक्टरांकडं नेलं, तिच्याच तपासण्या झाल्या, तिच्याच गोळ्या चालल्या. माघात पाच रविवार ती जोतिबाचे खेटे घालायला डोंगर अनवाणी चढली. दोस्त दिवाळीला घरी यायचा, तिच्यासाठीही साडी आणायचा. कुणी कधी काही बोललं नाही. आक्काला ती एकदा अंबाबाईच्या रांगेत भेटली, वाकून पाया पडली आणि "बरं चाललंय" म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," आक्का म्हणाली. मी विचारलं, आणि तो मुलगा? आक्का जरा वेळ गप्प राहिली. "त्यो कुनाच्या पाया पडनार हुता?"

मला या गोष्टीची एक भीती वाटते आणि ती सांगितलीच पाहिजे. अल्माला मध्यभागी बसवलं की एनिस लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. बघा, या असल्या लोकांनी बायकांची आयुष्यं नासवली, असं म्हणायला कितीतरी जण टपलेले आहेत, आणि त्यांना बायकांचं एरवी काही पडलेलं नसतं. एनिसनं अल्माला फसवलं हे खरं. पण तिच्यासमोर त्याला उभं कुणी केलं? आपल्याकडं त्या प्रश्नाला नावं आहेत, नाती आहेत: आत्या, मामा, आक्का. सिनेमाचा दिग्दर्शक आंग ली तैवानचा. लग्नावाचून माणूस अर्धा, असं मानणारी घरं त्यानं जवळून बघितलेली असणार. 'ब्रोकबॅक'च्या बारा वर्षं आधी, १९९३ साली त्यानं 'द वेडिंग बँक्वेट' केला होता. न्यूयॉर्कला साथीदाराबरोबर राहणारा मुलगा आईबापांच्या समाधानासाठी खोटं लग्न लावतो, आणि शेवटी कळतं की म्हाताऱ्या बापाला सगळं आधीपासून ठाऊक होतं, तो गप्प होता. हसत हसत बघायचा सिनेमा आहे. तिथल्या नवरीला निदान आपण कशात पडतोय हे माहीत असतं. ठाऊक असून गप्प बसणारा तो बाप मात्र मला आमच्या प्रत्येक याद्यांच्या बैठकीत दिसतो, फेटा बांधून.

कायद्याचं सगळ्यांना माहीत आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमातला तो फास काढला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे आता प्रेम केलं तर गुन्हा नाही, पण लग्न पाहिजे असेल तर ते मुलीशीच. आणि लग्न तर घराला पाहिजेच असतं. मधल्या काळात आपल्या भाषेतही हे सगळं मोकळेपणानं येऊ लागलंय. रोहन परशुराम कानवडेंच्या 'साबर बोंडं' या सिनेमाला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळालं. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, बालमित्र, आणि सुतकातही लग्नाचं विचारणारे नातेवाईक. मला ते नातेवाईक बघून हसू आलं आणि मग आक्का आठवली.

मूळ कथा लिहिणाऱ्या ॲनी प्रू २००९ साली एका मुलाखतीत वैतागून म्हणाल्या होत्या की ही कथा लिहिलीच नसती तर बरं झालं असतं. वाचक त्यांना कथेचे दुसरे शेवट लिहून पाठवायचे, गोड शेवट. जॅक मरत नाही, नाहीतर एनिसला दुसरा कुणी भेटतो. त्यांचं म्हणणं, गोष्ट त्या दोघांची नाहीच, ती त्या मुलखाची, तिथल्या माणसांच्या मनातल्या द्वेषाची आहे. मला त्या वाचकांची कीव येत नाही. दोन शर्ट बघून घरी आलेला माणूस रात्री काहीतरी लिहीत बसणारच. एवढंच वाटतं की त्या गठ्ठ्यात कुणीतरी अल्मासाठी एखादा शेवट लिहिला असेल का. किंवा शेवट नको, सुरुवातच: लग्नाआधी एनिस तिला सगळं सांगतो. ६३ सालच्या वायोमिंगमध्ये ते शक्य नव्हतं हे मलाही कळतं. त्याला ते स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

आक्का डोळे बरे करून गावी गेली. मला वाटलं, विसरली. मग तिच्या भाचसुनेचा फोन आला, हसावं की रडावं अशा आवाजात. भावकीतल्या एका मुलीला बघायला इचलकरंजीकडचे पाव्हणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलीला विचारायचं ते विचारून झालं. आणि आक्कानं भर सोप्यात मुलाला विचारलं, "बाबा, तुला पोरीच आवडत्यात न्हवं? न्हाई, आधीच सांग. मागनं आमच्या पोरीचे हाल नगोत." मुलगा लालबुंद. मुलाचा मामा उठून चपला घालायला लागला. दाजींनी हातापाया पडून बसवला, तरी स्थळ मोडलंच.

मी आक्काला फोन केला. म्हटलं, असं चारचौघांत विचारतात का कुणी? ज्याला खरंच मुली आवडत नसतील तो तिथं काय सांगणार? तो तर सगळ्यात आधी 'आवडतात' म्हणणार. शिवाय त्याच्यावर काय गुदरेल? ती म्हणाली, "मग कुटं विचारायचं? तू सांग." मी म्हटलं, एकट्याला गाठून, गोडीनं. तो नाही म्हणाला तर त्याच्या घरात सांगायचं नाही, तूच काहीतरी खोड काढून स्थळ मोडायचं. यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडं म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजत होती, म्हणजे बाई पुन्हा गोठ्यात होती. "ते जमंल," ती म्हणाली. "पन आता मला स्थळं कोन विचारतंय? इचलकरंजीपातूर नाव झालंय माजं. बरं झालं, गुडघंबी लई दुखत्यात."